निमाडच्या उन्हात टोमॅटो : आधी माती झाका, मग खत मोजा

धरमपुरी (जि. धार) : मार्च लागला की नर्मदाकाठच्या काळ्या जमिनीत टोमॅटोची झाडं दुपारी माना टाकतात. फुलं गळतात आणि धरलेल्या फळाच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडतो. असं फळ मंडीत कोणी हातात घेत नाही. मग दुकानातून कॅल्शियमची बाटली येते, घरगुती बागेत अंड्यांची टरफलं आणि चुना पडतो. डाग काही जात नाही.

कारण साधं आहे. आपल्या काळ्या मातीत कॅल्शियमची कमतरता सहसा नसतेच. नांगरताना पांढरे चुनखडीचे खडे वर येतात, ते कशाचे? कॅल्शियम मुळातून पाण्याबरोबर वर चढतं. पानांतून पाणी उडतं म्हणून ते पानांकडे जास्त जातं, फळाकडे कमी. त्यात जमीन चार दिवस कोरडी आणि पाचव्या दिवशी तुडुंब झाली की फळाचा वाटा तुटतो. म्हणजे दुखणं पाण्याच्या अनियमितपणाचं आणि आपण औषध घेतो चुन्याचं! आधीच चुनखडीच्या असलेल्या जमिनीत आणखी चुना टाकला, तर लोह आणि जस्त मुळांना मिळणं उलट अवघड होतं.

उघडी जमीन भेगाळते

काळी माती सुकली की आक्रसते आणि भेगा पडतात. त्या भेगांत टोमॅटोची बारीक मुळं अक्षरशः तुटतात, शिवाय खालची ओलही त्याच वाटेने उडून जाते. म्हणून उन्हाळी टोमॅटोत पहिलं काम आच्छादनाचं. गव्हाचं काड, सोयाबीनचं कुटार, उसाचं पाचट, केळीची वाळलेली पानं, जे हाताशी असेल त्याचा दोन ते तीन इंच थर द्या. खोडापासून चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर बुंधा कुजतो. वाळलेलं काड मातीत गाडू मात्र नका. ते कुजवताना जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं. वाळवी (इकडे उधई) दिसली तर थर पातळ करा आणि ओल टिकवा.

पाणी थोडं आणि वरचेवर द्यावं, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. ठिबक असेल तर नळी आच्छादनाखाली घ्या. गादीवाफा हवाच, कारण काळ्या मातीत साचलेलं पाणी मुळांचा श्वास कोंडतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दिवसा 35 अंशांच्या वर आणि रात्रीही 24 च्या वर पारा राहू लागला की परागकण दुबळे होतात आणि फळधारणा घटते. त्याला कुठलंही खत उपाय नाही. धार आणि देवास माळव्याच्या पठारावर आहेत, तिथे रात्री तुलनेने थंड असतात. धरमपुरी घाटाखाली आहे. जिल्हा एक, पण रोपं लावायची तारीख एक धरून चालत नाही. खाली पीक लवकर लावा, म्हणजे कडक ऊन लागण्याआधी बरीचशी फळं धरलेली असतील. पश्चिमेच्या बांधाला मक्याच्या दोन-तीन ओळी दाट लावल्या तर दुपारची झळ आणि पांढरी माशी दोन्हीला थोडा अडसर होतो.

खत : धडा शेजारच्या इंदूरचा

सेंद्रिय खताची जगभर गाजलेली पद्धत आपल्या शेजारीच तयार झाली, हे इकडच्याही अनेकांना माहीत नसतं. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात ती बसवली. त्यांचे सहकारी यशवंत वाड. दोघांच्या नावाने 1931 मध्ये 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर' हे पुस्तक निघालं. 1935 मध्ये इंदूरला आलेल्या गांधीजींनीही ते काम पाहिलं होतं. पद्धत शेतकऱ्याच्या उकिरड्याचीच, फक्त शिस्तीची: काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर, सुमारे दोन फूट खोल खड्डा, ओल कायम आणि तीनदा पलटणी. तीन महिन्यांत खत तयार. कापसाची पऱ्हाटी टणक, लवकर कुजत नाही, म्हणून ती आधी रस्त्यावर टाकून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. निमाडात पऱ्हाटी आजही जाळली जाते, तेव्हा ही युक्ती आठवते.

पलटणीला माणसं मिळत नसतील तर यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची 'नाडेप' टाकी बरी. 10 बाय 6 फूट, उंची 3 फूट, विटांच्या भिंतीत हवेसाठी छिद्रं. शेण फक्त 90-100 किलो लागतं, बाकी कचरा आणि चाळलेली माती. साडेतीन-चार महिने लागतात. जनावरं कमी झालेल्या घरांना हीच सोयीची.

एकरी आठ-दहा टन कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट शेवटच्या वखरणीआधी द्या. कच्चं शेण नको, त्यातून हुमणी येते. निंबोळी पेंड एकरी 80-100 किलो. ट्रायकोडर्मा दोन किलो, 100 किलो ओलसर कंपोस्टात मिसळून आठवडाभर सावलीत ठेवा आणि मग वाफ्यात टाका. जीवामृत देणारे पुष्कळ आहेत, जरूर द्या, पण त्यातलं नत्र अगदी थोडं असतं. ते खताच्या जागी धरलं तर झाड उपाशी राहतं.

पावसाळ्यात शेत रिकामं असेल तर बोरू (इकडे सन) किंवा धैंचा पेरून फुलावर येताच, म्हणजे 40-45 दिवसांत, गाडा.

मिरची, वांगं, बटाटा घेतलेल्या शेतात लगेच टोमॅटो नको. हे सगळे एकाच कुळातले, मर आणि सूत्रकृमी एकाकडून दुसऱ्याकडे जातात. निमाड मिरचीचा पट्टा असल्याने ही चूक इथे फार होते. उपटलेल्या झाडाच्या मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी समजा. मग मे महिन्यात वाफे ओले करून पातळ पारदर्शक प्लास्टिकने चार ते सहा आठवडे कडा दाबून झाका. इथलं ऊन एवढ्या एका कामाला मात्र उपयोगी पडतं.

माती परीक्षण धार आणि देवास या दोन्ही जिल्ह्यांच्या कृषी विज्ञान केंद्रांत विचारा. अहवालात आधी सेंद्रिय कर्बाचा आकडा बघा. 0.50 टक्क्यांच्या खाली असेल तर या वर्षी बाटल्यांचा खर्च टाळून तो पैसा खताच्या ट्रॉलीवर घाला.