कॉबलर, सोडा आणि माझं हाडांचं सिमेंट

मागच्या शनिवारी मी एक आख्खं ॲपल कॉबलर वाया घालवलं. पीएच.डी.ला रसायनशास्त्र, आणि चूक झाली तीही रसायनशास्त्राचीच. म्हणून हा लेख.

इथे अमेरिकेत ऑक्टोबर लागला की बागेत जाऊन सफरचंदं तोडून आणायची टूम निघते. आमच्या लॅबमधली मंडळी गेली आणि मला पिशवीभर आंबट सफरचंदं देऊन गेली. कॉबलर म्हणजे अगदी सोपा प्रकार. खोलगट भांड्यात साखर आणि दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या फोडी, वर मैदा, लोणी आणि दूध यांच्या सैलसर पिठाचे गोळे. भाजल्यावर वरचा भाग फुगतो, खालचा रसरशीत होतो. पाय (म्हणजे इथला तो प्रसिद्ध पदार्थ) करायला पीठ पातळ लाटावं लागतं, कड दुमडावी लागते. इथे लाटणं नाही की काही नाही.

बेकिंग पावडर संपली होती. खाण्याचा सोडा होता. मी मनात हिशेब केला: सोड्याला आम्ल लागतं, सफरचंदात मॅलिक ॲसिड भरपूर (शेले या रसायनशास्त्रज्ञाने ते १७८५ मध्ये सफरचंदाच्या रसातूनच वेगळं केलं), मग झालं की! दोन चमचे सोडा घातला. पाऊण तासाने वरचा थर पिवळट-तपकिरी, चवीला कडवट आणि चक्क साबणासारखा. आम्ल होतं खाली फोडींमध्ये, सोडा वरच्या पिठात. दोघांची गाठच पडली नाही. आम्ल मिळालं नाही तरी उष्णतेने सोड्यातून थोडा कार्बन डायऑक्साइड सुटतो, पण मागे सोडियम कार्बोनेट उरतं, म्हणजे धुण्याचा सोडा. साबणाची चव आली यात नवल काय!

पण त्या निमित्ताने शोधायला बसले आणि लक्षात आलं की माझी ही चूक निदान दोनशे वर्षं जुनी आहे.

कॉबलर हा अमेरिकेत पश्चिमेकडे सरकणाऱ्या वसाहतकऱ्यांचा पदार्थ. १८३९ मध्ये लेटिस ब्रायन यांच्या ‘द केंटकी हाउसवाइफ’ या पाककृतींच्या पुस्तकात पीचच्या अशाच पदार्थाला कॉबलर म्हटलंय. त्यांचं मत असं की पाहुण्यांपुढे ठेवण्याइतका तो ऐटदार नाही, पण घरच्यांसाठी उत्तम. १८५९ मध्ये बार्टलेट यांच्या अमेरिकन शब्दांच्या कोशात हा शब्द सफरचंद आणि पीच या दोन्ही फळांसह नोंदलेला आहे. भट्टी नसली तरी अडत नसे. बिडाचं जड भांडं निखाऱ्यांवर ठेवायचं आणि झाकणावरही निखारे पसरायचे. गोव्यात बेबिंक भाजताना वरून निखारे देतात, तसंच.

गोड सफरचंद मुळात या खंडातलं नाही. इथे रानटी, तुरट जाती होत्या. खायचं सफरचंद युरोपातून आलं, आणि आत सरकताना बऱ्याचदा बियांच्या रूपात गेलं. जॉन चॅपमन (१७७४–१८४५), ज्याला इथली मुलं ‘जॉनी ॲपलसीड’ म्हणून ओळखतात, त्याने पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना या भागात बियांपासून रोपवाटिका केल्या. बीपासून उगवलेलं झाड आईसारखं फळ देत नाही. बहुतेक फळं आंबट, लहान. ती साइडर करायला, वाळवायला आणि शिजवायला चांगली. आणि ती जमीन रिकामी नव्हती. ओहायोचा मोठा भाग १७९५ च्या ग्रीनव्हिल तहाने शॉनी, डेलावेअर, मायामी अशा तिथल्या लोकांकडून सोडवून घेतलेला होता.

त्या जमिनीवरची झाडं तोडून जाळली, आणि त्या राखेतूनच पुढची गोष्ट सुरू होते. लाकडाची राख पाण्यात भिजवून गाळायची, ते पाणी लोखंडी कढईत आटवायचं: हे पोटॅश. ते भट्टीत आणखी भाजून पांढरं केलं की पर्लॅश. आपल्या पापडखाराचा चुलतभाऊच म्हणा. काच, साबण आणि लोकरीच्या धंद्यात याला इतकी मागणी होती की अमेरिकेचं पहिलं पेटंट (३१ जुलै १७९०, सॅम्युअल हॉपकिन्स) पोटॅश आणि पर्लॅश करण्याच्या पद्धतीलाच मिळालं. त्यावर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांची सही आहे. १७९६ मध्ये अमिलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’त पीठ फुगवायला पर्लॅश वापरलेल्या पाककृती छापून आल्या.

हे महत्त्वाचं का? यीस्टने पीठ फुगायला तास लागतात, शिवाय यीस्ट जिवंत ठेवावं लागतं. अंडी फेटून फुगवायचं तर हात दुखतात. पर्लॅश आणि आंबट दूध एकत्र आलं की वायू लगेच सुटतो. दिवसभर शेत, पोरं आणि गुरं सांभाळणाऱ्या बाईला ही मोठीच सवलत होती. पण प्रमाण चुकलं की पर्लॅश लोण्या-चरबीशी जमवून घेतं आणि साबण तयार होतो. म्हणजे माझा शनिवार!

१८४६ मध्ये ऑस्टिन चर्च आणि जॉन ड्वाइट यांनी न्यूयॉर्कमध्ये सोड्याचा धंदा सुरू केला. सोडा पर्लॅशपेक्षा सौम्य, पण आम्लाचा प्रश्न तसाच. आंबट दूध आज किती आंबट, ते कोण मोजणार? क्रीम ऑफ टार्टर भरवशाचं, पण ते युरोपातल्या वाईनच्या पिंपांतून यायचं आणि महाग पडायचं.

इथे एबेन हॉर्सफर्ड येतो. जर्मनीत लीबिगकडे शिकलेला, हार्वर्डमधला प्राध्यापक. १८५६ मध्ये त्याने कोरड्या आम्लाच्या पावडरीचं पेटंट घेतलं: मोनोकॅल्शियम फॉस्फेट. सुरुवातीला तो ते हाडांवर सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया करून काढायचा. (आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “शी! केकमध्ये हाडं?” आता ते खनिज फॉस्फेटपासून करतात, हे सांगून तिची समजूत काढली.) पुढे त्यात सोडा आणि ओल धरू नये म्हणून मक्याचा स्टार्च मिसळला. आम्ल आणि सोडा एकाच डब्यात, मोजून. फक्त पाणी लागायची खोटी.

हे नाव वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसले. मोनोकॅल्शियम फॉस्फेटची बाटली माझ्या लॅबच्या कपाटात तीन वर्षं आहे! (ती खाण्याची नव्हे. कुणी प्रयोग करू नका.) मी काम करते हाडांच्या सिमेंटवर. हेच मीठ दुसऱ्या एका कॅल्शियम फॉस्फेटमध्ये आणि पाण्यात कालवलं की लगदा होतो, तो हाडातल्या पोकळीत भरतात, तिथे तो घट्ट होतो. अडचण एकच: हे मीठ पाण्यात फार पटकन विरघळतं. काही न मिसळता कालवलं तर लगदा मिनिटभरातच आवळतो आणि सिरिंजमध्येच अडकतो. डॉक्टरला वेळच मिळत नाही. त्याला धीमं कसं करायचं, एवढाच माझा प्रबंध.

गंमत म्हणजे बेकिंगवाल्यांपुढेही हाच पेच होता. या मिठाची पावडर पीठ कालवतानाच बराचसा वायू सोडून देते, म्हणून कॉबलर लगेच ओव्हनमध्ये सरकवावं लागतं. मग त्यांनी दाण्यांवर लेप चढवला, किंवा उष्णतेनेच जागं होणारं दुसरं आम्ल जोडीला दिलं. त्या बाईला वेळ वाचवायचा होता, माझ्या डॉक्टरला वेळ वाढवून हवाय. मीठ तेच.

“तू नक्की करतेस काय?” असं आई दर दिवाळीला विचारते. यंदा तिला उत्तर मिळालं: केकच्या पावडरीला जरा थांब म्हणायला शिकवते. ती म्हणाली, “मग आधी सांगायचं ना!”

रविवारी पुन्हा केलं. किलोभर सफरचंदं, १०० ग्रॅम साखर, दालचिनी. वर २०० ग्रॅम मैदा, दोन चमचे बेकिंग पावडर, ७० ग्रॅम लोणी, पाऊण कप दूध. १९० अंशांवर ४५ मिनिटं. सोमवारी लॅबमध्ये दहा मिनिटांत संपलं.

पुढच्या लेखात सायट्रिक ॲसिड. लिंबाच्या फुलाने सिमेंट कसं धीमं होतं, ते सांगते.