‘च’ची गोष्ट : जुहूच्या वाळूत अल्बर्ट एलिस

आजचा भाग जुहू चौपाटीवर रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मागे लाटा आणि फुगेवाले ऐकू येतील. इथेच का, ते सांगतो.

चार वर्षांपूर्वी नोकरीच्या एका मुलाखतीत माझी बोबडी वळली. नाव सांगितलं आणि पुढे शब्दच फुटेना. नोकरी गेली ती गेली, पण नंतर वर्षभर मी अनोळखी माणसाला फोन लावणंही टाळलं. पिझ्झासुद्धा ताई मागवायची. शेवटी एका समुपदेशक बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, “जुहूला जा आणि दहा अनोळखी लोकांना विचार, गिरगाव चौपाटी हीच का?”

मला वाटलं, बाई थट्टा करतायत. पण या गृहपाठाला चांगला जुना इतिहास निघाला.

न्यूयॉर्कमधला अल्बर्ट एलिस एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला घाबरायचा. म्हणून त्याने स्वतःलाच शिक्षा दिली. ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं, बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं. तो १३० जणींजवळ गेला. ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं. एक भेटायला तयार झाली, तीही आलीच नाही! निकाल शून्य, पण कुणी त्याला खाल्लं नाही. भीती पळाली.

पुढे तो मनोविश्लेषक झाला, त्याला कंटाळला, आणि १९५५ साली त्याने स्वतःची पद्धत मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. आपण अस्वस्थ होतो ते घटनेमुळे नाही, तर तिच्याबद्दलच्या आपल्या हट्टामुळे, हा तिचा गाभा. मूळ विचार एपिक्टेटस या ग्रीक तत्त्वज्ञाचा. एलिसने त्याला कृतीची जोड दिली: विचार तपासायचा आणि ज्याची भीती वाटते तेच करून बघायचं.

आता मुंबईत या. इथले मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी १९६८ साली एलिसला पत्र लिहिलं. शंका, वाद, उत्तरं, पुन्हा शंका. हा पत्रव्यवहार तब्बल ३६ वर्षं चालला! आपण तीन दिवस रिप्लाय आला नाही तर ब्लॉक करतो. फडकेसरांनी ही पद्धत इथे शिकवली, मराठीत ‘अल्बर्ट एलिस : विचारदर्शन’ लिहिलं. ठाण्याच्या आयपीएचचे डॉ. आनंद नाडकर्णी त्यांना गुरू मानतात.

मला विचाराल, तर ही पद्धत मराठीत जास्त सोपी आहे. इंग्रजीत हट्ट शब्दांत लपतो, आपल्याकडे तो एका अक्षरात सापडतो. ‘मुलाखत चांगली व्हावी’ ही इच्छा. ‘चांगली झालीच पाहिजे’ हा हट्ट. बाईंनी माझ्याकडून आठवडाभर हे ‘च’ वहीत लिहून घेतले. पाने भरली. मग प्रत्येकाला प्रश्न: असा नियम कुठे लिहिलाय? (त्रास फार असेल तर मात्र एकट्याने प्रयोग नकोत. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. तिथे फोन कराच. हा ‘च’ चालेल.)

तर मी जुहूला आलो. पहिल्या काकूंना विचारताना घामाने शर्ट भिजला. त्या नुसत्या हसल्या. भेळवाला म्हणाला, “चढवून आलायस काय?” सहाव्यापर्यंत मलाच हसू यायला लागलं. सातवे आजोबा मात्र गंभीर झाले. हाताला धरून मला बसस्टॉपवर नेलं, सांताक्रूझ स्टेशनच्या बसमध्ये बसवलं आणि खिडकीतून ओरडले, “चर्नी रोडला उतर हं!” बस सुटेपर्यंत ते तिथेच उभे. उतरायचं कसं? गेलो सांताक्रूझला. उरलेले तीन दुसऱ्या दिवशी केले.