शस्त्रव्यापार करार आणि अमेरिकेतील बंदूकधारक

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २ एप्रिल २०१३ रोजी संमत केलेला शस्त्रव्यापार करार २४ डिसेंबर २०१४ पासून अमलात आला. देशांतर्गत शस्त्रांचे नियमन हा प्रत्येक राष्ट्राचा सार्वभौम अधिकार असल्याचे त्याच्या प्रस्तावनेतच नमूद आहे. मात्र, आयात शस्त्रांच्या अंतिम वापरकर्त्यांच्या नोंदी ठेवण्यास कलम १२ प्रोत्साहन देते. त्यातून बंदूकधारकांची सूची तयार होईल, अशी भीती अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनने व्यक्त केली. सप्टेंबर २०१३ मध्ये अमेरिकेने स्वाक्षरी केली; परंतु सिनेटने मान्यता दिली नाही आणि २०१९ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी माघार जाहीर केली. करार राज्यघटनेहून श्रेष्ठ ठरत नाही, हे तत्त्व तेथील सर्वोच्च न्यायालयात १९५७ मध्येच ‘रीड विरुद्ध कव्हर्ट’ खटल्यात अधोरेखित झाले होते. त्यामुळे दुसऱ्या घटनादुरुस्तीतील हक्क कराराने हिरावला जाणे शक्य नव्हते. वादाचा खरा विषय होता तो आयातीच्या नोंदींचा.