तापातून उठलेली बाळंतीण, लालबाग १९१८

डोळे उघडा. ऑक्टोबर १९१८, लालबागच्या चाळीतली एक खोली. तुम्ही या खोलीतली लेकुरवाळी आहात. वाचक पुरुष असाल तरी आता सुटका नाही. मूल अडीच महिन्यांचं. तुमचा ताप काल उतरला. हाडं अजून ठणकतात, उठून बसलं की भिंती फिरतात, आणि तापाआधी चोळी भिजवणारी छाती आता हाताला सैल, रिकामी लागते.

बाहेर नळावर भांडण नाही, यावरून काय ते समजा. जूनमध्ये शहरात शिरलेला इन्फ्लुएन्झा मध्यंतरी निवला होता, तो सप्टेंबरात दुप्पट जोराने उलटला. ६ ऑक्टोबरच्या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. हा ताप भरल्या वयाची माणसं उचलतो. त्यामुळे साताऱ्याकडून बाळंतपणाला आलेल्या आत्याबाई धडधाकट आणि तुम्ही अंथरुणाला. त्यात यंदा पावसाने दगा दिलाय. जोंधळ्याचा भाव ऐकून आत्याबाई रोज एकदा तरी कपाळाला हात लावतात.

तुमचा ताप चढला त्या दिवशीच त्यांनी पोरगं उचलून पलीकडे निजवलं. ‘‘तापाचं दूध इखारी असतंय, पोराला बाधंल.’’ बाईचा हेतू वाईट नाही. पोराला म्हशीचं दूध बोंडल्याने पाजलं, आणि रात्री रडू नये म्हणून बाळगोळी चाटवली. बाळगोळीत अफू असते. गिरणगावात त्याची कुणाला लाज नाही. आई वायंडिंग खात्यात उभी राहायची तर पोराला झोपवायला कुणीतरी हवंच, आणि गोळी स्वस्त पडते.

अंग १९१८ चं असलं तरी डोकं तुमचं आजचंच आहे, एवढी सवलत या प्रवासात आहे. त्यामुळे दूध ‘तापाने जळलं’ हे तुम्हाला अर्धंच पटतं. ताप, न खाणं, पाणी कमी पडणं याने फरक पडतो, पण मुख्य घात झालाय तो पोरगं ओढत नाही याचा. बाळ ओढतं तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी प्रोलॅक्टिन सोडते आणि दूध तयार होतं. दुसरं संप्रेरक, ऑक्सिटोसिन, ते पुढे ढकलतं, तोच पान्हा. दूध साचून राहिलं की छाती स्वतःहून हात आखडता घेते. मग पोट भरलेलं, अफूने गुंगलेलं मूल मागणार काय आणि छाती देणार काय? १९१८ मध्ये हे समजावायला तुमच्याकडे शब्दही नाहीत. प्रोलॅक्टिनला नाव मिळायलाच अजून चौदा-पंधरा वर्षं आहेत.

म्हणून समजावत बसू नका. पहिलं काम, बाळगोळीची डबी.

‘‘आत्याबाई, आज गोळी नको.’’

‘‘आन् रडलं म्हंजी? चाळ उठंल. तुजा नवरा पहाटे पाळीवर जायाचा.’’

‘‘रडलं तर माझ्याकडं द्या.’’

त्या देतात. रागाने देतात, पण देतात. पोरगं उघडं करून उघड्या छातीशी घ्या, वरून लुगडं पांघरा. तो दोनदा तोंड लावतो, काही येत नाही, तोंड सोडून किंचाळतो. बोंडल्याला चटावलेलं मूल असंच करणार. रात्रभर हेच चालतं. गुंगी उतरतानाचं रडणं वेगळं असतं, चिरकं आणि न थांबणारं. पलीकडून कुणीतरी भिंतीवर थापा मारतं.

सकाळी युक्ती करा. म्हशीचं दूध उकळून कोमट करा. मऊ सुती चिंधी उकळत्या पाण्यातून काढून तिचा बोळा वळा. पोराला छातीशी धरा आणि आत्याबाईंना म्हणा, वाटी धरा, बोळा भिजवून वरून थेंब थेंब सोडा. थेंब छातीवरून ओघळतो, बोंडाशी येऊन थबकतो. पोराची जीभ बाहेर येते, चाटते. दुसरा थेंब. तिसऱ्याला तो तोंड मोठं उघडतो, काळसर वर्तुळासकट तोंडात घेतो आणि ओढायला लागतो. दूध वाटीतलं आहे, पण ओढणं खरं आहे, आणि शरीर हिशेब ओढण्याचा ठेवतं. आत्याबाईंचा हात अवघडतो तरी त्या बोळा सोडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने आटलेलं दूध परत आणण्यावर १९९८ मध्ये पुस्तिका काढली, तिच्यात थेंबाथेंबाने दूध सोडायची ही रीत आहे.

पुढचे दिवस कंटाळवाणे आहेत. त्यात पराक्रम काही नाही. दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा, जमलं तर बारा वेळा, दोन्ही बाजूंना घ्यायचं. मूल झोपलं तर हाताने पिळून काढायचं. रात्रीचं चुकवायचं नाही, प्रोलॅक्टिन रात्रीच जास्त असतं. वाटीतलं दूध मात्र एकदम तोडू नका. उपाशी मुलात ओढायची ताकद राहत नाही. तुमचं येईल तसं ते घोटाघोटाने कमी करा.

आत्याबाई कुठून तरी मूठभर अळीव पैदा करतात. अळीव, मेथी, शतावरी यांनी दूध वाढतं असं छातीठोक सांगण्याइतका पुरावा आजही नाही. पण पेज हातात देताना त्या तुमच्यापुढचं धुणं ओढून घेतात, आणि तापातून उठलेल्या बाईला त्याची गरज कुठल्याही लाडवापेक्षा जास्त असते, असं माझं मत. तेवढ्यात गिरणीत तुमच्या वायंडिंग खात्यावर देखरेख करणाऱ्या नायकिणीचा निरोप येतो: सोमवारी खात्यात ये, नाहीतर बदली घेते. पगारी रजा मागाल कुणाकडे? बाळंतिणींना पैसे देणारा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये होणार आहे. आत्ता तुमचं दूध औषधावर अडलेलं नाही, सोमवारवर अडलंय.

आठवडा उलटतो. एका संध्याकाळी शेजारचं पोर रडतं आणि तुमच्या छातीत कळ उठते, चोळी ओली होते. चला, आता निघा.

वाटेत १९८९ च्या नोव्हेंबरात शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात थोडं थांबा. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी इथे आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली आहे. आईने दिलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, गोठवून ठेवतात आणि ज्यांच्या आयांना अजून पान्हा नाही अशा अशक्त बाळांना देतात. आत्याबाईंच्या वाटीत म्हशीचं दूध होतं. इथे दुसऱ्या आईचं आहे.

आता घरी पोचलात. घरात कुणी फ्लू, डेंग्यू किंवा टायफॉइडमधून उठलं असेल आणि दूध कमी झालं असेल, तर बाळ पुन्हा अंगावर घेऊ द्या. फ्लूमध्ये तर पाजणं तोडायचंच नसतं. मास्क लावावा, हात धुवावेत. बहुतेक औषधं चालू असतानाही पाजता येतं, पण आपली गोळी कोणती ते डॉक्टरांना विचारा. दूध वाढवायच्या गोळ्या मनाने घेऊ नका. छाती लाल होऊन दुखत असेल तर तपासून घ्या. चोवीस तासांत बाळाचे सहापेक्षा कमी लंगोट ओले झाले, ते सुस्त वाटलं किंवा वजन वाढेना, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा. तोवर वरचं दूध वाटी-चमच्याने द्यावं लागलं तर बिनदिक्कत द्या, आणि घरातल्या बाकीच्यांनी धुणंभांडी आपल्याकडे घ्या.