अनुशेषाचें माप

'अनुशेष' हा शब्द महाराष्ट्राच्या राजकारणांत इतका रुळला आहे कीं, तो मूळचा हिशेबाचा शब्द आहे हें वाचकांस क्वचितच आठवत असेल. हिशेब म्हटला म्हणजे माप आलें. आणि विभागाविभागांतील विषमतेचा वाद आमच्या मतें ह्या मापापाशींच अडतो.

२८ सप्टेंबर १९५३ रोजीं झालेल्या नागपूर करारांत हें माप सोपें होतें. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांवरील खर्च लोकसंख्येच्या प्रमाणांत वांटावा, मराठवाड्याच्या अविकसित स्थितीकडे विशेष लक्ष द्यावें, आणि त्याचा अहवाल दरसाल विधानसभेपुढें ठेवावा, असें ठरलें. वरवर पाहतां हें न्याय्य दिसतें. परंतु दोघां भावांपैकीं एकाची विहीर आधींच बांधून झाली असतां दोघांस सारखाच पैसा दिला, तर दुसऱ्याच्या विहिरीस पाणी लागेपर्यंत पहिल्याचा मळा फुललेला असतो. करारानें मोजला तो वर्षाचा खर्च. मागील सांठा त्यानें मोजलाच नाहीं.

तें काम १९८३ सालीं वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें केलें. रस्ते, पाटबंधारे, शिक्षण, आरोग्य अशा एकेका बाबींत राज्याची सरासरी काढावयाची, आणि जो जिल्हा तिच्या खालीं असेल त्याची तूट भरून काढण्यास लागणारा पैसा हा त्याचा अनुशेष मानावयाचा, अशी ही पद्धत. पाटबंधाऱ्यांच्या बाबतींत समितीनें दाखविलेली दक्षता आम्हांस फार मार्मिक वाटते. एक हेक्टर उसास लागणाऱ्या पाण्यांत रब्बी ज्वारीचें कित्येक हेक्टर रान भिजतें. तेव्हां नुसतें क्षेत्र मोजलें, तर ऊस पिकविणारा जिल्हाच पाण्याला गरीब दिसावा! म्हणून समितीनें सिंचन रब्बी ज्वारीच्या समतुल्य क्षेत्रांत मोजलें. पाण्याचा हिशेब भाकरीच्या मापानें झाला, असें म्हटलें तरी चालेल.

१९८४ च्या अहवालांत एकूण अनुशेष सुमारें ३,१८७ कोटि रुपये निघाला. त्यांत विदर्भाचा वांटा शेंकडा ३९, मराठवाड्याचा २४ व उर्वरित महाराष्ट्राचा ३७. शेवटचा आंकडा पाहून कोणी दचकेल. परंतु हिशेब जिल्हावार असल्यामुळें कोंकणाची व पर्जन्यछायेंतील मुलुखाची तूटही त्यांत आली होती.

तथापि सरासरी ही स्थिर वस्तु नव्हे. मागें असलेला जिल्हा चालूं लागतो, तों पुढचे जिल्हे तिला आणखी वर नेतात. १ एप्रिल १९९४ ची स्थिति धरून निर्देशांक व अनुशेष समितीनें पुन्हां हिशेब केला, तेव्हां रक्कम सुमारें १४,००७ कोटि भरली. वाढलेल्या किंमतींचा भाग त्यांत होताच. तरी दहा वर्षांनींही खड्डा बुजला नव्हता हें उघड आहे. शिवाय जिल्ह्याच्या सरासरींत तालुका दडतो. कृष्णा-कोयनेच्या कांठचें कराड आणि पावसाची वाट पाहणारें माण हीं दोन्हीं साताऱ्याचींच.

संविधानाच्या ३७१ (२) कलमांत विकास मंडळांची तरतूद १९५६ पासून होती. मंडळें निघालीं तीं १९९४ सालीं. त्यांच्या कामाचा अहवाल दरसाल विधानसभेपुढें ठेवावा, असें तेंच कलम सांगतें. नागपूर करारांतील जुनें वचन असें चाळीस वर्षांनीं परतलें. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजीं संपली.