'राजाच्या अनाथ मुली' : जुन्या गोव्यातील एक विस्मृत आश्रयगृह

जुने गोवे पाहावयास जाणारा प्रवासी बॉम जेझूची बासिलिका पाहतो, से कॅथेड्रलचा एकटाच उरलेला मनोरा न्याहाळतो, संत मोनिकेच्या मठाच्या जाडजूड भिंतींखाली घटकाभर विसावतो आणि परततो. याच नगरीत दोन शतकांहून अधिक काळ मुलींचे एक आश्रयगृह नांदत होते, हे त्याला कोणी सांगत नाही. सांगावयाचे म्हटले तरी, बोट दाखवावे अशी वास्तूच आता तेथे उरलेली नाही.

पोर्तुगीज लोक अशा गृहाला 'रेकोल्हिमेंतु' म्हणत. जगापासून बाजूला काढून जपून ठेवणे, असा त्या शब्दाचा भाव. मठ आणि हे गृह यांत एक महत्त्वाचा भेद होता. मठात शिरलेली स्त्री व्रतबद्ध होऊन जन्मभर आत राही. येथे आलेली मुलगी विवाह जमेपर्यंतच राहावी, अशी अपेक्षा असे. 1595 साली गोव्यास आलेले आर्चबिशप आलेशु द मिनेझिश यांच्या कारकीर्दीत ही व्यवस्था आकारास आली. हे गृहस्थ मोठे खटपटी. 1599 ची केरळातील उदयंपेरूरची धर्मसभा त्यांचीच, मोनिकेचा मठ त्यांचाच, आणि 1607 ते 1609 या काळात राज्याचा कारभारही त्यांच्याच हाती होता. 'नोसा सेन्योरा दा सेर्रा', म्हणजे डोंगरावरची माता, या नावाच्या देवालयालगत त्यांनी अनाथ मुलींचे गृह स्थापिले. हे देवालय आल्बुकेर्कने बांधलेले. 1515 साली तो वारल्यावर 1566 पर्यंत त्याच्या अस्थी तेथेच होत्या. पश्चात्तापदग्ध स्त्रियांसाठी मारिया माग्दालेनेच्या नावाचे दुसरे गृह निघाले. दोहोंचा कारभार 'मिझेरिकोर्दिया' या धर्मादाय संस्थेकडे असे.

आता या मुली कोण? सोळाव्या शतकाच्या मध्यापासून लिस्बनहून दरसाल येणाऱ्या गलबतांतून थोड्याथोड्या मुली गोव्यास धाडल्या जात. राजाच्या सेवेत मेलेल्या पुरुषांच्या या कन्या. त्यांना 'राजाच्या अनाथ मुली' असेच नाव पडले होते. सहासात महिन्यांचा समुद्रप्रवास. वाटेत वादळे, रोगराई आणि शत्रूची जहाजे. गोव्यास पोहोचल्यावर त्यांचा विवाह तेथील पोर्तुगीज पुरुषाशी व्हावा, असा राजाचा हेतू होता. कनवाळूपणा आणि वसाहतीतील वस्ती वाढविण्याचा हिशेब या एकाच योजनेत कसे मिसळले होते, ते पाहण्यासारखे आहे.

हुंड्याची रीत तर याहून विलक्षण. राजा रोख रक्कम क्वचितच देई. तो देई एखादी सरकारी जागा : अमुक ठाण्याच्या वखारीतील कारकुनी, तमुक किल्ल्यावरील अंमलदारी, बहुधा तीन वर्षांच्या मुदतीची. ती जागा मुलीच्या नावे लिहिली जाई आणि तिच्याशी लग्न करील त्याला मिळे. म्हणजे वर जागेकडे पाहून येई. पण एकाच जागेवर आधीच अनेकांना सनदा दिलेल्या असत. पाळी येईपर्यंत वर्षांमागून वर्षे जात. जागा किफायतीची नसली, तर मुलीकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. मग ती गृहातच राही. गोव्यातील सधन लोक मृत्युपत्रांत अनाथ मुलींच्या लग्नासाठी काही रक्कम ठेवीत. मिझेरिकोर्दियाचे बंधू त्यातून काहींची लग्ने लावून देत.

कधीकधी हुंडा म्हणून गाव मिळे. वसई, दमण या उत्तरेकडील प्रांतातील गावे स्त्रियांच्या नावे, लग्नाच्या अटीवर दिल्याची उदाहरणे आहेत. आपल्या इतिहासात 1739 ची वसई म्हणजे चिमाजी आप्पांचा विजय. त्या वर्षी वसईबरोबर आसपासची जी गावे पोर्तुगीजांच्या हातून गेली, ती कशी कशी आणि कोणाकोणाच्या नावे लागलेली होती, हा प्रश्न मराठी बखरकारास पडण्याचे कारण नव्हते. आपणांस मात्र तो पडावयास हरकत नाही.

सेर्राच्या गृहात केवळ लिस्बनच्या मुली नव्हत्या. भारतातच जन्मलेल्या पोर्तुगीज वंशाच्या अनाथ कन्या होत्या, विधवा होत्या. नवरा मोहिमेवर किंवा व्यापारास दूर गेला की मागे बायकोची अब्रू सुरक्षित राहावी म्हणून तिलाही तेथे ठेवीत. तिची इच्छा विचारली जात असे काय, हे आपण आपल्याशीच ताडून पाहावे.

या गृहाचा शोध घ्यावयाचा तो कसा? पणजीच्या पुराभिलेखागाराचा उगम 1595 चा. दियोगु द कोतु हा इतिहासकार त्याचा पहिला रक्षक. तेथे 'मोंसोइंश' नावाचे दप्तर आहे. मोसमी वाऱ्यांबरोबर लिस्बन-गोवा ये-जा करणारी राजाची आणि व्हाइसरॉयची पत्रे त्यात बांधलेली आहेत. या दप्तरखान्याला शिस्त लावण्याचे श्रेय डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांचे. पोर्तुगीज-मराठे संबंधांचे अभ्यासक म्हणून त्यांना आपण ओळखतो. 1955 साली त्यांनी या दप्तराचा मार्गदर्शकही सिद्ध केला. पुढे टिमोथी कोट्स या अमेरिकन अभ्यासकाने गोवा आणि लिस्बन येथील कागद धुंडाळून, हद्दपार गुन्हेगार आणि अनाथ मुली यांना पोर्तुगीज साम्राज्याने कसे वसाहतींत धाडले, यावर 2001 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. गुन्हेगार आणि अनाथ मुली एकाच ग्रंथात यावे, हे प्रथम कानाला खटकते. पण कागद वाचले की ती जोडी राज्यानेच लावली होती, हे ध्यानात येते.

या कागदांत मुलगी येते ती बापाच्या चाकरीचा मोबदला म्हणून, किंवा एखाद्या जागेची धारक म्हणून. तिचे स्वतःचे बोलणे जवळजवळ कोठेच नाही.

आणि तरीही ती नशीबवान म्हणावी, असे दुसरे एक पान त्याच काळात आहे. 23 मार्च 1559 च्या राजाज्ञेने असे ठरविले की, आईबाप, आजाआजी यांपैकी कोणीही नसलेली हिंदूंची अज्ञान मुले ताब्यात घ्यावीत आणि बाप्तिस्म्यासाठी व शिक्षणासाठी संत पावलूच्या विद्यालयाच्या स्वाधीन करावीत. अंमलबजावणीत ही व्याख्या सैल होत गेली. आई जिवंत असली, तरी बाप नाही म्हणून मूल अनाथ ठरू लागले. कित्येक कुटुंबांनी मुले लपविली, कित्येकांनी सरहद्द ओलांडली. प्रा. अ. का. प्रियोळकर यांनी 1961 च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हा विषय साधार मांडला आहे. 'अनाथ' हा शब्द एकच, राज्यही एकच. एकीला त्या शब्दाने हुंडा मिळे. दुसरीला त्याच शब्दाने आईच्या पदराखालून ओढून नेत. सेर्राच्या गृहाचा इतिहास लिहिताना हे दुसरे पान बाजूला ठेवले, तर तो इतिहास धर्मादायाचे स्तोत्र होऊन बसेल.

पुढे लिस्बनहून येणाऱ्या मुलींचा ओघ आटला. रोगराईने जुने गोवे ओस पडले. 1843 साली पणजी अधिकृत राजधानी झाली. 1834 नंतर पुरुषांचे मठ बंद झाले, तरी ही गृहे मठ नसल्यामुळे टिकली. त्याच शतकात ती चिंबल येथे हलविण्यात आली.

यांतील एकीची गाठ मात्र आपणांस पडते, आणि तीही गोव्यात नव्हे. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले 1623 च्या फेब्रुवारीत सुरतेस उतरला. तेथील डच लोकांच्या घरी त्याला दोना लुसिया नावाची एक तरुण पोर्तुगीज स्त्री भेटली. राजाने विवाहासाठी धाडलेल्या अनाथ मुलींपैकी ती एक होती. तिचे जहाज डचांनी वाटेतच पकडले होते. मग सुरतेच्या एका धनवान डच व्यापाऱ्याशी तिचे लग्न लागले. घरात ती मानाने वावरत होती. चारचौघांत नवऱ्याच्या पंथाची, आणि मनाने, नवऱ्याच्या संमतीनेच, आपल्या जुन्या धर्माची. देल्ला वाल्लेने हे सारे आपल्या पत्रात सविस्तर लिहून इटलीस धाडले.