सोनेरी हॅमस्टर, पुण्याची प्रयोगशाळा आणि २०२१ चा वऱ्हाड : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :
विज्ञानाचा इतिहास लिहिताना शोध, शोधकर्ता आणि शोधाचे वर्ष यांची नोंद आवर्जून घेतली जाते. परंतु ज्या प्राण्यावर प्रयोग झाला आणि ज्या प्रदेशातील आजारामुळे तो प्रयोग करावा लागला, त्यांचा इतिहास बहुधा दुर्लक्षित राहतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती व अकोला या जिल्ह्यांनी कोविडच्या दुसऱ्या लाटेचा पहिला आघात सोसला. त्यानंतर काही आठवड्यांतच पुण्यात हॅमस्टर या लहानशा कृंतक प्राण्यावर एक महत्त्वाचा प्रयोग झाला. या दोन घटनांचा परस्परसंबंध तपासणे आणि त्या संबंधाच्या मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एका बिळातून जगभर :
सोनेरी हॅमस्टरचे शास्त्रीय वर्णन जॉर्ज वॉटरहाऊस यांनी १८३९ मध्ये केले. तथापि प्रयोगशाळेत त्याचा प्रवेश होण्यास १९३० साल उजाडावे लागले. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील सॉल ॲडलर हे कालाआजार ज्या गटातील परजीवींमुळे होतो, त्यांवर संशोधन करीत होते. त्यांच्याकडील चिनी हॅमस्टरची पिंजऱ्यात वीण होत नसल्याने त्यांना दुसऱ्या जातीची गरज होती. त्यांच्या विनंतीवरून प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी सीरियातील अलेप्पो परिसरातील एका बिळातून मादी व तिची ११ पिले मिळविली. त्यांतील मोजकीच जगली. मात्र गर्भकाळ अवघा १६ दिवसांचा असल्याने त्यांचा वंश झपाट्याने वाढला. आज जगभरातील प्रयोगशाळांत असलेले बहुतांश सोनेरी हॅमस्टर याच कुटुंबाचे वंशज होत. आनुवंशिक दृष्ट्या ते एकमेकांचे अत्यंत निकटचे आप्त आहेत. त्यामुळे प्रयोगांची तुलना सुलभ होते, परंतु रानातील किंवा मानवी समाजातील वैविध्य त्यांच्यात उतरत नाही.

आतड्यातील सूक्ष्मजीवांची साक्ष :
वंश एक असला तरी प्रत्येक हॅमस्टरच्या आतड्यातील सूक्ष्मजीवसृष्टी आहार, निवास व औषधे यांनुसार बदलते. क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक दिलेले हॅमस्टर आतड्याच्या दाहाने दगावतात. त्यामागे क्लॉस्ट्रिडियम गटातील विषनिर्मिती करणारा जिवाणू असल्याचे जॉन बार्टलेट व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखविले. पुढे १९७८ मध्ये माणसातील तशाच गंभीर विकाराचे कारण याच वाटेने हाती आले. कोविडबाबत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच संशोधनात, संसर्गानंतर हॅमस्टरच्या आतड्यातील सूक्ष्मजीवांत झालेले बदल आणि आजाराची तीव्रता यांचा संबंध आढळला. तात्पर्य, वंश सार्वत्रिक असला तरी प्राण्याच्या शरीरावर त्याच्या ठिकाणाचा ठसा असतोच.

वऱ्हाड आणि पुणे :
१९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून पुण्यात स्थापन झालेली संस्था १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. कोविडचा विषाणू हॅमस्टरच्या पेशींत सहज शिरतो आणि त्याच्या फुप्फुसांत माणसासारखी विकृती निर्माण करतो, हे २०२० मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी सिद्ध केले. त्यानंतर कोव्हॅक्सिन या लसीची पूर्वचाचणीही पुण्याच्या संस्थेने हॅमस्टरवर केली.

इकडे २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती व अचलपूर येथे आठवडाभराची टाळेबंदी लागू झाली. अकोला जिल्ह्यातही कठोर निर्बंध आले. महाराष्ट्रातील १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू व एल४५२आर ही उत्परिवर्तने आढळल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च रोजी जाहीर केले. त्या विषाणूगटास बी.१.६१७ हे नाव मिळाले. मे २०२१ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी त्यातील बी.१.६१७.१ या उपप्रकाराची तुलना पूर्वीच्या बी.१ उपप्रकाराशी केली. प्रत्येकी ९ हॅमस्टरच्या दोन गटांपैकी नव्या उपप्रकाराच्या गटात वजनातील घट अधिक, फुप्फुसांतील विषाणूंचे प्रमाण अधिक आणि तेथील इजाही अधिक ठळक दिसून आली.

मर्यादा व विवेचन :
येथे दोन गोष्टींचे भान राखणे आवश्यक आहे. पहिली, देशभर हाहाकार उडविणारा डेल्टा हा बी.१.६१७.२ होता, प्रयोगातील उपप्रकार कप्पा होता. दोन्ही सख्खे भाऊ असले तरी एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. दुसरी, ‘अमरावतीचा विषाणू’ हा शब्दप्रयोग शास्त्राला धरून नाही. या गटाचे भारतातील सर्वांत जुने नमुने ऑक्टोबर २०२० मधील आहेत. जेथे नमुना सापडला तेच जन्मस्थान, असे अनुमान इतिहासातही ग्राह्य धरले जात नाही. गावांना व देशांना कलंक लागू नये म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी ग्रीक अक्षरांची नावे स्वीकारली.

पिंजऱ्यातील हॅमस्टरने फुप्फुसात काय घडते ते सांगितले. लाट प्रथम वऱ्हाडातच का उसळली, बाजार, लग्नसराई, प्रवास, तपासण्या आणि रुग्णालयांतील खाटा यांची स्थिती काय होती, हे मात्र तो सांगू शकत नाही. ते सांगणारी साधने येथेच आहेत : ग्रामपंचायतींच्या नोंदी, मृत्यूनोंदवह्या, स्थानिक वृत्तपत्रे आणि आशा सेविकांच्या आठवणी.

निष्कर्ष :
अलेप्पोच्या एका बिळातील कुटुंबाची वंशावळ जगाने जपली; वऱ्हाडातील घराघरांतून गेलेल्या माणसांच्या नोंदी मात्र विखुरलेल्या अवस्थेत आहेत. आनुवंशिकी, सूक्ष्मजीवशास्त्र आणि इतिहास या विषयांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन, आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने ही साधने वेळीच संकलित केली पाहिजेत. कागद जीर्ण होतात आणि स्मृती त्याहूनही लवकर विरतात. प्रयोगशाळेने आपले काम केले आहे. उरलेले काम आपले आहे.